कॉल संपला, तरी मीटर चालूच

सुट्टीत ग्वाल्हेरला आलेल्या नातवंडांना हल्ली एक काम हमखास सांगितलं जातं: आजी-आजोबांच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉलचं काहीतरी बसवून द्यायचं. नातवंडं ते पाच मिनिटांत करतात, एक कॉल लावून दाखवतात, पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवतात आणि आपापल्या गावी, म्हणजे बंगळुरूला किंवा सिएटलला, परत जातात. पुढे रोज अर्धा तास बोलणं होतं. उरलेले साडेतेवीस तास ते सॉफ्टवेअर काय करत असतं, ही चौकशी मात्र सहसा कुणी करत नाही.

मला ही चौकशी करायची सवय बिर्लानगरमधल्या एका शेजाऱ्यांमुळे लागली.

ज्यांनी बिर्लानगर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हा ग्वाल्हेरचा गिरणीचा भाग, हजिऱ्याच्या पुढे, रेल्वेमार्गाला लागून. १९२१ मध्ये इथे जियाजीराव कॉटन मिल निघाली, पुढे बिर्लांचं कापडाचं आणि धाग्याचं काम वाढत गेलं, आणि कामगार-कर्मचाऱ्यांसाठी क्वार्टर्सच्या ओळी उभ्या राहिल्या. पत्ते आजही 'लाइन नंबर अमुक' असेच लिहितात. नव्वदच्या दशकात जे.सी. मिलचा भोंगा थांबला आणि आमच्या पिढीतली मुलं बाहेर पडली. कुणी पुण्याला, कुणी इंदूरला, कुणी नोएडाला, आणि मग काही जण थेट अमेरिकेला. मागे राहिले ते आई-वडील, आणि त्यांच्या घरातला फोन.

त्या फोनचे पैसे कसे वाचवायचे, यात आमची पिढी तरबेज होती. एसटीडीचा दर रात्री अकरानंतर पाव व्हायचा, म्हणून पिवळ्या पाटीच्या बूथबाहेर अकराच्या सुमारास रांग लागायची. आत काचेच्या खोक्यात लाल आकडे पळत असायचे आणि माणूस बोलताना समोरच्या भिंतीकडे नाही, त्या आकड्यांकडे बघून बोलायचा. एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेटवरून बोलायला कायद्याने परवानगी मिळाली. पण बिर्लानगरसारख्या भागात ती खऱ्या अर्थाने वापरात आली ती घरोघरी ब्रॉडबँड आल्यावर, म्हणजे २००५-०६ च्या पुढे.

आमच्या ओळीत ज्यांच्याकडे ते आधी आलं ते अण्णा. गिरणीत स्पिनिंग खात्यातून निवृत्त झालेले, मुलगा न्यू जर्सीत. कॉम्प्युटर, वेबकॅम, कानाला लावायचा हेडफोन असा सगळा सरंजाम मुलाने सुट्टीत येऊन मांडून दिला होता, आणि त्यावर स्काइप. रविवारी सकाळी कॉल व्हायचा. 'बरं, ठेवतो' म्हणून झालं की अण्णा उठायचे, आधी मोडेमचं बटण दाबायचे आणि मग भिंतीवरचा प्लगही काढून ठेवायचे. आम्हा पोरांना त्याचं हसू यायचं. एकदा मी म्हटलं, "अण्णा, कॉल संपला की नेट लागतच नाही, कशाला रोज प्लग काढता?" त्यावर त्यांचं उत्तर गिरणीतलं होतं: "चाती रिकामी फिरली तरी वीज खातेच रे. हिशेब शेवटी मीटरचा होतो, सुताचा नाही."

अण्णांचा अंदाज बरोबर होता. किती बरोबर होता, ते मला पुष्कळ नंतर कळलं.

आधी त्या काळातला मीटर समजून घ्या. आज तुम्हाला दिवसाला दीड-दोन जीबी मिळतात, म्हणून हे आकडे खेळण्यातले वाटतील. २००४ च्या सरकारी ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस वेगाला 'ब्रॉडबँड' म्हटलं होतं. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची 'डेटावन' सेवा सुरू झाली, आणि तिची स्वस्तातली घरगुती योजना महिन्याला २५० रुपयांची होती आणि त्यात मिळत होते ४०० एमबी. दिवसाला नाही, महिन्याला. त्यापुढे वापरलेल्या प्रत्येक एमबीचे वेगळे पैसे. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोजला जात नसे, म्हणून गजर लावून पहाटे उठणारी आणि गाणी उतरवून पुन्हा झोपणारी मुलं घरोघरी होती. पाव दराची रांग बूथवरून उठून घरात आली होती, एवढाच फरक.

अशा मीटरवर स्काइप चालायचं. आता स्काइप मुळात चालायचं कसं ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे.

स्काइप ऑगस्ट २००३ मध्ये आलं. कल्पना निकलास झेनस्ट्रॉम या स्वीडिश आणि यानुस फ्रिस या डॅनिश माणसाची, आणि प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिला एस्टोनियातल्या तरुणांनी. हीच मंडळी त्याआधी 'कझा' नावाच्या सॉफ्टवेअरमागे होती, ज्यावरून जगभरातले लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरमधून गाणी उतरवून घ्यायचे. तीच युक्ती त्यांनी बोलण्यासाठी वापरली. टेलिफोन कंपनीला एक्स्चेंज उभारावं लागतं, त्याला इमारत लागते, माणसं लागतात, तारा लागतात. स्काइपने जवळजवळ काहीच उभारलं नाही. ज्यांनी ज्यांनी सॉफ्टवेअर बसवलं त्यांच्याच कॉम्प्युटरांतून काही निवडले आणि त्यांना एक्स्चेंजचं काम दिलं. या निवडलेल्या कॉम्प्युटरला 'सुपरनोड' म्हणत.

तरुण वाचकांना हे समजावायला माझ्याकडे एकच बरा दाखला आहे, तो म्हणजे पी.पी. नंबर. ऐंशीच्या दशकात सगळ्या ओळीत एखाद्याच घरी फोन असायचा. बाकीचे लोक अर्जावर, लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या कागदावर त्याच घराचा नंबर द्यायचे आणि पुढे कंसात 'पी.पी.' लिहायचे. फोन आला की त्या घरातलं पोरगं धावत जाऊन 'काकू, तुमचा फोन' म्हणून ओरडायचं. कधी माणूस घरी नसला तर निरोपही तेच घर पोचवायचं. सुपरनोड हे असं पी.पी. घर होतं. कोण ऑनलाइन आहे, कोण कुठे सापडेल, याची यादी ते सांभाळायचं. आणि दोन माणसांचे कॉम्प्युटर थेट जोडले जात नसतील, तर तिसऱ्याच कुणाच्या कॉम्प्युटरमधून त्यांचं बोलणं पुढे पाठवलं जायचं. बोलणं कुलूपबंद असायचं, म्हणजे मधल्या घराला ते ऐकू येत नसे. पण वाहून नेण्याचं काम त्याच्या तारेवर व्हायचं.

पी.पी. घराला लोक आधी विचारायचे, ही एक गोष्ट या दाखल्यात बसत नाही. आणि त्या घराला संक्रांतीला तिळगूळही मिळायचा.

कायद्याच्या भाषेत स्काइपनेही विचारलं होतं म्हणा. सॉफ्टवेअर बसवताना जो लांबलचक करार येतो, त्यात तुमच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर आणि इंटरनेट इतर वापरकर्त्यांच्या संभाषणासाठी मर्यादित प्रमाणात वापरला जाऊ शकतो, असं कलम होतं. ते इंग्रजीत होतं, खूप खाली होतं, आणि आमच्या ओळीत ते वाचलेला माणूस मला तरी भेटलेला नाही. माझ्या मते ही संमती नव्हे, ही कागदाची सोय.

निवड कशावरून व्हायची? कॉम्प्युटर बराच वेळ चालू हवा, वेग बरा हवा, आणि मुख्य म्हणजे तो इंटरनेटवर उघडा हवा, म्हणजे बाहेरून कुणालाही थेट सापडेल असा. तुमच्या घरात आज जो वायफायचा डबा आहे तो घरातल्या सगळ्या यंत्रांना स्वतःच्या पाठीमागे ठेवतो. बाहेरच्या जगाला फक्त डब्याचा पत्ता दिसतो. त्या काळी आपल्याकडे अनेक घरांत असा आडोसा नव्हता. मोडेम नुसता सिग्नल आत आणायचा आणि डेस्कटॉपवरच्या चिन्हावर दोनदा क्लिक करून, नाव-पासवर्ड घालून 'कनेक्ट' करावं लागे. तसं केलं की सार्वजनिक पत्ता थेट कॉम्प्युटरलाच मिळायचा. अण्णांचा कॉम्प्युटर अशाच जोडणीवर होता. वेग कमी असल्यामुळे तो निवडीत मागे पडला असता, हे खरं. पण दार उघडं होतं.

आता थोडा हिशेब करू. हा कागदावरचा हिशेब आहे, अण्णांच्या बिलाचा नाही. समजा दोन परक्या माणसांचं बोलणं तुमच्या कॉम्प्युटरमधून जातंय आणि प्रत्येकाच्या आवाजाला ३२ केबीपीएस लागतात. तुमच्याकडे दोघांचा आवाज येतो आणि दोघांचा बाहेर जातो, म्हणजे चारदा ३२, एकूण १२८ केबीपीएस. सेकंदाला १६ किलोबाइट, तासाला सुमारे ५८ एमबी. ४०० एमबीच्या महिन्यात असे सात तास झाले की मीटर संपला, आणि त्यात तुमचा स्वतःचा एकही शब्द नाही. हे झालं टोकाचं उदाहरण. पण कॉलच नसताना, सुपरनोड नसतानाही, प्रोग्रॅम उघडा ठेवला तर 'मी आहे, मी आहे' असे निरोप तो अधूनमधून पाठवतच असतो. ते सेकंदाला अर्धा किलोबाइट धरले तरी दिवसाला ४३ एमबी होतात. दहा दिवसांत ४०० एमबी खलास! रिकामी चाती.

भीती थोडी फुगवलेलीही होती, तेही सांगितलं पाहिजे. २००४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या सलमान बासेत आणि हेनिंग शुल्झरिन यांनी स्काइपच्या आत काय चालतं याचा पहिला नीट अभ्यास केला. मग २००६ मध्ये सैकत गुहा, नील दासवानी आणि रवी जैन या तिघांनी स्वतः एक सुपरनोड काही महिने चालवून त्यावरची वर्दळ मोजली. त्यांना दिसलं की निम्म्याहून जास्त नाही, पण निम्मा वेळ तरी त्यावर सेकंदाला २०५ बिटांहूनही कमी वाहतूक होती. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ज्यांच्याकडे अमर्याद इंटरनेट होतं त्या अमेरिकेतल्या घराला याने काहीच फरक पडत नव्हता. अडचण सरासरीत नसते, अडचण असते ती ज्या घरातून नेमका कुणाचा तरी लांबलचक कॉल जातो त्या घरात, आणि तेही तिथे एमबीवर पैसे पडत असतील तर. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अमर्याद इंटरनेटचं घर होतं. मोजून देणारा मीटर त्यांच्या हिशेबात फारसा नव्हता, असं मला वाटतं. पुढे स्काइपने हे काम बंद ठेवण्याची सोय विंडोजच्या आतल्या नोंदींमध्ये, म्हणजे रजिस्ट्रीत, दिली. ती मोठ्या संस्थांच्या कॉम्प्युटर विभागांच्या उपयोगाची होती. घरातल्या माणसाला ती सापडणं कठीणच.

हे सगळं घरोघरच्या कॉम्प्युटरवर उभं आहे, हे जगाला एकदम कळलं ते १६ ऑगस्ट २००७ ला. स्काइप बंद पडलं आणि सुमारे दोन दिवस नीट चाललं नाही. कंपनीने कारण सांगितलं ते असं: विंडोजच्या नेहमीच्या अपडेटनंतर जगभरातले असंख्य कॉम्प्युटर थोड्याच वेळात एकापाठोपाठ बंद होऊन पुन्हा सुरू झाले, एकदम लॉगिनची झुंबड उडाली, आणि नेटवर्कला आधार द्यायला पुरेसे कॉम्प्युटर उरले नाहीत. त्यात एक सुप्त दोषही उघडा पडला. विचार करा, लोकांच्या घरातले कॉम्प्युटर रीस्टार्ट झाले आणि जगातली एक टेलिफोन व्यवस्था बसली! त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, ईबेने ही कंपनी २६० कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं होतं. त्या व्यवस्थेतला फार मोठा हिस्सा लोकांच्या टेबलाखाली ठेवलेल्या डब्यांचा होता, हे अशा दिवशीच दिसतं.

२२ डिसेंबर २०१० ला पुन्हा तसंच झालं. या वेळी विंडोजवरच्या स्काइपच्या एका आवृत्तीतला दोष निमित्त ठरला. ते कॉम्प्युटर कोसळले, त्यांत बरेच सुपरनोड होते, आणि उरलेल्यांवर इतका भार आला की तेही बसले. नाताळच्या आठवड्यात, जेव्हा सगळ्यांना घरी बोलायचं असतं, तेव्हा जवळजवळ दिवसभर कॉल लागत नव्हते.

पुढचा भाग थोडक्यात. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ८५० कोटी डॉलरना स्काइप घेतलं. २०१२ पर्यंत घरातले सुपरनोड काढून त्यांची जागा कंपनीच्या स्वतःच्या डेटा सेंटरमधल्या सुमारे दहा हजार लिनक्स यंत्रांनी घेतली. लोक कॉम्प्युटर सोडून मोबाइलवर आले होते, आणि खिशातल्या फोनला पी.पी. घर करता येत नाही, बॅटरी दुपारीच संपेल. ५ मे २०२५ ला स्काइप कायमचं बंद झालं. तेव्हा परदेशातल्या ओळखीच्या लोकांनी हळवे निरोप पाठवले, आणि ते मला समजू शकतं. कितीतरी घरांत नातवंडाचा पहिला चेहरा त्याच निळ्या चौकटीत दिसला होता.

मग आता प्रश्न मिटला का? एक मिटला. आज व्हॉट्सअॅप, झूम, गूगल मीट, टीम्स यांपैकी कुणीही परक्याचं बोलणं तुमच्या तारेवरून नेत नाही. शक्य असेल तिथे दोन यंत्रं थेट जोडली जातात, नसेल तर कंपनीचा सर्व्हर मध्ये येतो. व्हॉट्सअॅपमध्ये २०२३ पासून अशीही सोय आहे की समोरच्याला तुमचा इंटरनेट पत्ता कळू नये म्हणून सगळे कॉल त्यांच्याच सर्व्हरवरून न्यावेत. तरी साडेतेवीस तासांचा प्रश्न शिल्लक आहे, कारण आता सॉफ्टवेअर परक्यांसाठी नाही, पण स्वतःसाठी भरपूर काम करतं.

घरच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅप जोडलं की ते आधी जुने निरोप आणून ठेवतं. मग 'सुप्रभात'चे फोटो, कीर्तनाचे व्हिडिओ, भाचीच्या मुंजीचे साठ फोटो, असं सगळं फोनवर एकदा उतरतं आणि कॉम्प्युटरवर पुन्हा एकदा उतरतं. झूम आणि टीम्स स्वतःची नवी आवृत्ती आपणहून आणतात. विंडोज ११ आलं तेव्हा तर टीम्सचं चिन्ह खालच्या पट्टीवर आयतंच बसवून दिलेलं होतं. ज्यांनी ते कधी उघडलंही नाही अशा घरांतही ते होतं. नंतर ते काढलं गेलं. जुलै २०१९ मध्ये एका संशोधकाने दाखवलं की अॅपलच्या कॉम्प्युटरवर झूम एक छोटा सर्व्हर गुपचूप बसवत होतं आणि झूम काढून टाकलं तरी तो मागे राहत होता. गोष्ट इतकी वाढली की तो काढण्यासाठी खुद्द अॅपलला अपडेट पाठवावं लागलं. आणि पी.पी. घराची कल्पना पूर्ण मेलेली नाही बरं का! २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा घरगुती आवृत्तीत तुमचा कॉम्प्युटर इंटरनेटवरच्या इतर कॉम्प्युटरांना अपडेटचे तुकडे पुरवील, अशी व्यवस्था सुरुवातीला आपोआप चालू होती. कॉलिंगशी याचा संबंध नाही, पण मीटरशी आहे.

आता बिर्लानगरच्या आजच्या घरात या. ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांनी हा लेख इथे सोडला तरी चालेल. तिथल्या मर्यादा इतक्या मोठ्या असतात की दोन माणसांच्या घराला त्या दिसतही नाहीत. माझा रोख आहे तो त्या घरांवर, जिथे कॉम्प्युटर आजोबांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. अशी घरं आमच्या ओळीत पुष्कळ आहेत. दोनच माणसं, वेगळं कनेक्शन कशाला, हा साधा विचार.

इथे एक गोष्ट मला बऱ्याच घरांत फिरून लक्षात आली. रोज दीड जीबीचा कोटा रात्री बारा वाजता नव्याने सुरू होतो. अमेरिकेतला मुलगा मात्र आपल्याकडे रात्री आठ-नऊला फोन करतो, कारण तेव्हा त्याची सकाळ असते, ऑफिसला निघायच्या आधीची. म्हणजे ज्या एका कॉलसाठी हा सगळा खटाटोप, तो कोट्याच्या अगदी शेवटच्या तासांत येतो. झूमच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे दोघांच्या ७२०पी व्हिडिओ कॉलला जाताना आणि येताना १.२-१.२ एमबीपीएस लागतात. तासाचा हिशेब केला तर साधारण एक जीबी. दिवसभरात कॉम्प्युटरने आपलंआपण अर्धा-पाऊण जीबी उतरवून घेतला असेल, दुपारी आजीने मालिकेचा एखादा भाग पाहिला असेल, तर रात्री साडेआठला कोटा संपतो आणि वेग ६४ केबीपीएसवर येतो. झूमच्या नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस लागतात. म्हणजे चित्र तर जातंच, आवाजही अडखळतो. तिकडे मुलाला वाटतं ग्वाल्हेरचं नेटवर्कच खराब. इकडे आईला वाटतं, आज याला बोलायचा कंटाळा आला असावा, लगेच ठेवलं.

यातलं दुसरं वाटणं मला जास्त लागतं. नेटवर्कला कुणी नावं ठेवली तर ठेवू देत.

तेव्हा सुट्टीत याल तर कॉल लावून दाखवण्याआधी दहा मिनिटं यासाठी काढा. विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' आणि त्यात 'डेटा युसेज' आहे. गेल्या तीस दिवसांत कुठल्या प्रोग्रॅमने किती खाल्लं याची यादी तिथे मोठ्यापासून लहानापर्यंत मिळते. यादी वाचताना आजोबांना शेजारी बसवा, त्यांना अशा याद्या आवडतात. मग हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. कॉम्प्युटरला वायफाय आणि मोबाइलचा हॉटस्पॉट यांतला फरक स्वतःहून कळेलच असं नाही, तो तुम्ही सांगावा लागतो. एकदा सांगितला की विंडोज आपली मोठी अपडेटं बहुतेक वेळा थांबवून ठेवतं. इतर प्रोग्रॅम मात्र हे ऐकतीलच असं नाही, म्हणून व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं वेगळं बंद करावं लागतं. विंडोज अपडेटच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे, तिथला इतर कॉम्प्युटरशी देवाणघेवाणीचा पर्याय बंद करून टाका. अॅपलचा कॉम्प्युटर असेल तर 'अॅक्टिव्हिटी मॉनिटर' उघडून 'नेटवर्क'चा भाग पाहा.

आणखी एक गोष्ट म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम दाखवावी लागते. वरच्या कोपऱ्यातली फुली दाबली म्हणजे प्रोग्रॅम बंद झाला, असं त्यांना वाटतं, आणि तसं वाटणं साहजिक आहे. पण बोलण्याची बरीच सॉफ्टवेअरं फुली दाबल्यावर फक्त नजरेआड होतात आणि खाली घड्याळाशेजारच्या छोट्या बाणात जाऊन बसतात. तिथे उजवं क्लिक करून 'क्विट' म्हणावं लागतं. कॉम्प्युटर सुरू होताच कोण कोण आपणहून उठतं, हे टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप अॅप्स'मध्ये दिसतं.

सगळंच बंद करून टाका, असं मात्र मी म्हणणार नाही. घंटा वाजायची असेल तर प्रोग्रॅम जागा लागतो. आत कुणीतरी दाराशी कान देऊन बसलेलं असतं म्हणूनच बाहेरची हाक ऐकू येते, आणि त्या कान देण्याला थोडा डेटा लागतोच. अण्णा प्लग काढायचे तेव्हा कॉलची वेळ आधी लँडलाइनवर ठरलेली असायची. आज मुलं वेळ मिळेल तेव्हा, न सांगता फोन करतात, आणि ते चांगलंच आहे. पण त्यासाठी चार-पाच प्रोग्रॅम एकाच वेळी दाराशी बसायची गरज नाही. थोरल्या नातवाने टीम्स बसवलं, धाकटीने मीट, जावयाने झूम, शेजाऱ्याने आणखी काही, असं होत होत एकेका कॉम्प्युटरवर गर्दी जमलेली असते.

कुठला एक जागा ठेवायचा, ते आजीलाच विचारा. आमच्या ओळीत उत्तर बहुतेक वेळा व्हॉट्सअॅप असं येतं. झूम एका घरात फक्त गुरुवारच्या भजनासाठी लागतं, त्यात पुण्याच्या दोन बहिणी आणि ह्यूस्टनची एक भाची असते. तिथे ते गुरुवारी साडेपाचला उघडतं, आरती झाली की आजी स्वतः बाणावर जाऊन 'क्विट' करते, आणि रात्रीच्या कॉलसाठी कोटा शिल्लक असतो.